गाडीचा पसंतीचा नंबर भेट द्यायचा असेल तर

लेकीने पहिल्या नोकरीच्या पैशातून स्कूटर बुक केली, बाबांनी निवृत्तीनंतर हौसेने कार घ्यायचं ठरवलं, भावाच्या दारात दसऱ्याला गाडी येणार. अशा वेळी सीट कव्हर, परफ्यूम, डॅशबोर्डवरची गणपतीची मूर्ती या भेटी ठरलेल्या. पण गाडी आहे तोवर रोज नजरेसमोर राहील अशी भेट हवी असेल, तर तिचा नंबरच द्यावा. महाराष्ट्रात हे रीतसर करता येतं. सरकारी भाषेत त्याला पसंतीचा किंवा आकर्षक क्रमांक म्हणतात, शोरूममध्ये फॅन्सी नंबर, चॉइस नंबर किंवा व्हीआयपी नंबर.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. पैसे तुमचे असले तरी कागद त्यांच्याच नावाचा लागतो. ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी होणार, त्याच्याच नावाने क्रमांक राखीव होतो. तो स्वतःच्या नावावर घेऊन ठेवायचा आणि वाढदिवसाला त्यांच्या हाती द्यायचा, हे जमत नाही. पुढची सगळी धावपळ या एका नियमाभोवती फिरते, आणि बहुतेकांचे पैसे किंवा मुहूर्त इथेच वाया जातात.

पैसे काढण्याआधी विचारायच्या गोष्टी

पहिली चौकशी: गाडी नेमकी कोणाच्या नावावर होणार? चालवणार मुलगा, पण कर्ज आईच्या नावावर आणि आरसी म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रही तिच्याच नावाचं, असं घरोघरी असतं. मग अर्ज आईच्या नावाने करायला हवा. गाडी कंपनीच्या लीजवर असेल तर नोंदणी बहुधा कंपनीच्या किंवा लीज देणाऱ्या संस्थेच्या नावाने होते, तिथे ही भेट सोडून द्यावी. बँकेच्या कर्जाची मात्र अडचण नाही. आरसीवर बँकेचा बोजा चढला तरी मालक तोच राहतो.

दुसरी: नोंदणी कोणत्या आरटीओ कार्यालयात होणार? पुण्याला एमएच १२, पिंपरी-चिंचवडला एमएच १४, कोल्हापूरला एमएच ०९, नाशिकला एमएच १५. प्रत्येक कार्यालयाची मालिका वेगळी, त्यामुळे एका ठिकाणी गेलेला नंबर दुसरीकडे मोकळा असू शकतो. एकाच शहरात राहणाऱ्यांची कार्यालयंही वेगळी असू शकतात. पत्त्याचा पुरावा कुठला देणार, हे विचारून घेतलंत की हा प्रश्न मिटतो.

तिसरी चौकशी बीएच म्हणजे ‘भारत’ मालिकेची. बदलीच्या नोकरीतली माणसं २०२१ पासून सुरू झालेला बीएच क्रमांक घेतात. तो संगणक स्वतः काढतो, निवडायची सोय नाही. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या किंवा अनेक राज्यांत शाखा असलेल्या कंपनीतल्या माणसाला नंबर द्यायचा बेत असेल, तर हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि शेवटचं, बुकिंग कुठवर आलंय? खासगी गाड्यांची नोंदणी आता बहुतेक डीलरच्या शोरूममधूनच ऑनलाइन होते. डीलरने कर भरून नोंदणी पुढे सरकवली की मालिकेतला पुढचा नंबर आपोआप लागतो. एकदा तो लागला की नुसती आवड म्हणून बदलून मिळत नाही. म्हणजे ही भेट नव्या, नोंदणी न झालेल्या गाडीसाठीच. जुन्या गाडीला हौसेखातर नवा नंबर चढवता येत नाही.

नंबर निवडताना

या कामात सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा असं मला मनापासून वाटतं, कारण नेमका हाच भाग घाईत उरकला जातो. लोक शुल्काची यादी उघडतात, खिशाला परवडेल तो सगळ्यात भारी नंबर उचलतात आणि मोकळे होतात. ०९०९ दिसायला छानच आहे. पण ज्याला द्यायचा त्याच्याशी त्याचं काही नातं नसेल, तर तो फक्त महागडा नंबर झाला.

नंबरच्या पाटीवर दोन अक्षरं राज्याची, दोन आकडे कार्यालयाचे, मग मालिकेची अक्षरं आणि शेवटी चार आकडे. राज्य आणि कार्यालय ठरलेलंच असतं. मालिकेची अक्षरं त्या वेळी जी चालू असतील ती. आपल्या हातात उरतात शेवटचे चार आकडे, ०००१ ते ९९९९. तेवढ्यात बरंच काही मावतं.

सगळ्यात सरळ म्हणजे तारीख. १४ जुलैचा जन्म असेल तर १४०७, ५ मेचा असेल तर ०५०५. लग्नाचं वर्ष घेतलंत तर १९८८, २०११ असे आकडे येतात. दोघांच्या जन्मतारखांचे नुसते दिवस जोडूनही नंबर होतो: तिचा २३ तारखेचा, त्याचा ९ चा, म्हणून २३०९. बाहेरच्याला त्यातलं काही कळत नाही, घरातल्यांना पाहताक्षणी कळतं.

मला स्वतःला सगळ्यात भावतो तो जुन्या गाडीचा नंबर. आमच्या नात्यातल्या एका मुलीने वडिलांच्या नव्या कारसाठी त्यांच्या जुन्या चेतकचे शेवटचे चार आकडे मिळवले. स्कूटर कधीच विकली गेली होती, पण तिचा पत्र्याचा नंबर माळ्यावरच्या खोक्यात होता. काळ्या पाटीवर पांढरे हाताने रंगवलेले आकडे, कडेचा रंग उडालेला, मधल्या भोकात अजून गंजका स्क्रू अडकलेला. नव्या गाडीवर तेच आकडे बघून वडिलांनी आधी मुलीकडे पाहिलं आणि मग मुकाट्याने बाटलीतलं पाणी प्यायले. त्या चार आकड्यांना बाजारात काडीची मागणी नव्हती, त्यामुळे शुल्कही कमी पडलं.

बेरीज पाहणारे पुष्कळ असतात. चार आकड्यांची बेरीज ९ यावी, १ यावी, अमुक येऊ नये. घेणाऱ्याची तशी श्रद्धा असेल तर ती आधी जाणून घ्या, तुम्ही मानत नसलात तरीही. १४०७ ची बेरीज १२, म्हणजे ३. त्यांना ३ चालत नसेल, तर ती तारीख त्यांच्या कितीही जवळची असली तरी गाडीत बसताना मनात खुटखुट राहील. आठ टाळणारी माणसंही बरीच आहेत. घरातल्या कोणाकडून तरी हे हळूच काढून घ्यावं.

आता ४१४१ आणि ८०५५ बद्दल. इंग्रजी आकड्यांतल्या ४१४१ ला वळण दिलं की ‘दादा’ वाचता येतं, ४९१२ चा ‘पवार’ होतो, २१४ चा ‘राम’, ८०५५ चा इंग्रजी ‘बॉस’. महाराष्ट्रात या नंबरांना मागणी त्यासाठीच असते. नंबर घेण्यात काहीच गैर नाही. अडचण येते ती आकडे वाकवून अक्षरासारखे रंगवण्यात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे पाटीवर इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे ठरलेल्या आकारात आणि ठरलेल्या अंतरावरच असायला हवेत. मराठी आकडेसुद्धा चालत नाहीत. शिवाय नव्या गाड्यांची उच्च सुरक्षा पाटी यंत्रावर छापून येते, तिच्यावर ४१४१ हा ४१४१ सारखाच दिसणार. तेव्हा मी म्हणेन, सरळ वाचला तरी ज्याला अर्थ आहे असाच नंबर निवडा.

एक करू नका: एकाच नंबरवर अडून बसू नका. तीन-चार पर्याय पसंतीक्रमाने लिहून ठेवा. १४०७ गेला असेल तर उलटा ०७१४ चालेल का? वर्ष चालेल का? अर्ज करायच्या दिवशी हे ठरवायला बसलात तर घाईघाईत नको तो नंबर गळ्यात पडतो.

खर्चाचा अंदाज

शुल्क राज्य सरकार ठरवतं. ३० ऑगस्ट २०२४ च्या अधिसूचनेने ते बरंच वाढलं. चारचाकीसाठी ०००१ चं शुल्क ३ लाखांवरून ५ लाख झालं, मुंबई-पुण्यासारख्या जास्त मागणीच्या भागांत ६ लाख. दुचाकीसाठी तोच नंबर ५० हजारांवरून १ लाखावर गेला. ०००९, ००९९, ०९९९, ९९९९ आणि ०७८६ या पाचांसाठी चारचाकीला अडीच लाख. त्याखाली १ लाख, ७० हजार असे टप्पे उतरत जातात. दुचाकीचे दर प्रत्येक टप्प्यावर बरेच कमी आहेत, त्यामुळे स्कूटरसाठी ही भेट पुष्कळ जणांच्या आवाक्यात येते.

दोन गोष्टींनी रक्कम एकदम फुगते. हवा तो नंबर चालू मालिकेत गेलेला असेल आणि मालिकेबाहेरून हवा असेल, तर तिप्पट शुल्क पडतं. मुंबई-पुण्यात मालिकेबाहेरचा ०००१ घ्यायचा तर १८ लाख, तो याच हिशेबाने. कारसाठी दुचाकीच्या मालिकेतला नंबर मागितला तरी तिप्पट. दुसरी गोष्ट लिलावाची, ती पुढे येते.

सामान्य खिशासाठी दिलासा असा, की शुल्काच्या यादीत नाव घेऊन दिलेले नंबर अडीचशेच्या आसपास आहेत आणि वर्षाच्या तारखाच ३६६. म्हणजे बऱ्याच जन्मतारखा महागड्या यादीत बसतच नाहीत. यादीबाहेरच्या नंबरला शुल्क तुलनेने हलकं असतं. अर्ज करण्याआधी त्या दिवशीचं शुल्क पोर्टलवर किंवा कार्यालयाच्या फलकावर पाहून घ्या, कारण अधिसूचना बदलतात.

अर्ज

सरकारी पोर्टलचा पत्ता फॅन्सी डॉट परिवहन डॉट गव्ह डॉट इन. तो ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करा. शोध घेऊन वर येणाऱ्या जाहिरातीवर टिचकी मारू नका, सारख्या नावाच्या खासगी साइट असतात. तिथे आधी खातं उघडायचं, मग राज्य आणि कार्यालय निवडून कोणते नंबर मोकळे आहेत ते पाहायचं. नुसतं पाहायला पैसे लागत नाहीत, म्हणून हे काम गाडी बुक होण्याच्या बेतात असतानाच करून टाका.

अर्जात नाव भरताना डोळ्यांत तेल घालून भरा. आधार, पॅन आणि शोरूमच्या बिलावर नाव जसं आहे, तस्संच इथे हवं. वडिलांचं नाव एका ठिकाणी पूर्ण, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. लग्नाआधीचं आडनाव एकीकडे, नंतरचं दुसरीकडे. अशा फरकावरून नोंदणी अडकते आणि मुहूर्ताच्या दिवशी सगळे हात चोळत बसतात. भेट देणाऱ्याकडून ही चूक जास्त होते, कारण आपल्याला त्या माणसाचं हाक मारायचं नाव पाठ असतं, कागदावरचं नसतं.

नवी मालिका सुरू होताना कार्यालय तारीख जाहीर करतं आणि त्या दिवशी ठरलेल्या वेळेत अर्ज घेतले जातात. अर्जासोबत ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, पॅनची प्रत लागते, आणि ज्या कार्यालयात धनाकर्ष म्हणजे डीडीने पैसे घेतात तिथे कार्यालयाने सांगितलेल्या नावाने काढलेला डीडी. डीडी तुमच्या खात्यातून काढता येतो, पण दोन गोष्टी माहीत असू द्या. ५० हजार आणि त्यावरच्या रकमेचा डीडी बँक रोखीने देत नाही, खात्यातून किंवा चेकनेच मिळतो. आणि २०१८ पासून डीडीच्या दर्शनी भागावर काढणाऱ्याचं नाव छापलेलं असतं. गुपित ठेवायचं असेल तर तो कागद घरात कुठेतरी पडून राहू देऊ नका. डीडीची मुदत तीन महिने, त्यामुळे फार आधीही काढू नका.

एकाच नंबरला दोन दावेदार आले तर

मग लिलाव. डीडीच्या पद्धतीत अर्जदारांना मूळ शुल्काशिवाय जादा रकमेचा वेगळा डीडी सीलबंद पाकिटात द्यायला सांगतात. पाकिटं अर्जदारांसमोर उघडतात आणि ज्याची रक्कम जास्त, नंबर त्याचा. बाकीच्यांचे डीडी परत मिळतात. समोरच्याने किती भरलेत हे पाकीट फुटेपर्यंत कळत नाही, आणि आणखी थोडे वाढवतो म्हणायची सोयही नसते.

म्हणून आदल्या रात्रीच एक आकडा ठरवा, ज्याच्यावर जायचं नाही. आकडा गोल ठेवू नका. २० हजार लिहिणारे चार जण असतात, २० हजार ५०० लिहिणारा पुढे निघतो. भेट असली की माणूस भावनेच्या भरात जास्त रक्कम घालतो. तसं वाटलं तर पसंतीक्रमातला दुसरा नंबर आठवा, तो बहुधा बिनलिलावाचा मिळतो.

नंबर राखीव झाला की पावती किंवा पत्र मिळतं. त्यावर नोंदणी किती दिवसांत करायची ती मुदत असते. ती उलटली तर नंबर आपोआप रद्द आणि शुल्क सरकारजमा. राखीव झालेला नंबर बदलूनही मिळत नाही. गाडीची डिलिव्हरी लांबायची शक्यता असेल, विशेषतः लांब वेटिंगच्या मॉडेलला, तर घाई करू नका. गाडीचा चासी नंबर, म्हणजे सांगाड्यावर कोरलेला क्रमांक, हाती आला की अर्ज करणं सगळ्यात सुरक्षित.

शोरूमला वेळेत सांगा

सेल्समनला तोंडी सांगून भागत नाही. शोरूममध्ये नोंदणीचं काम बघणारा माणूस वेगळा असतो. त्याचं नाव विचारून घ्या, ‘पसंतीचा नंबर येणार आहे, तोवर पासिंग करू नका’ असं लेखी कळवा आणि बुकिंगच्या फाइलवरही लिहायला लावा. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात शोरूममध्ये गाड्यांची रीघ असते आणि एका ओळीने नोंदणी उरकली जाते. अशा गर्दीत तुमची गाडी चुकून पुढे सरकली तर दाद मागायला जागा उरत नाही. मुहूर्तावर गाडी दारात हवी असेल तर नंबरचं काम त्याच्या आधी दोन-तीन आठवडे संपलेलं बरं.

शोरूममधले काही जण ‘आम्हीच करून देतो’ म्हणतात आणि वर पैसे सांगतात. कागदपत्रं नीट असतील तर मधल्या माणसाची गरज नाही. दिलेच पैसे, तर सरकारी शुल्काची पावती वेगळी मागा.

गुपित किती ठेवता येतं

पूर्ण गुपित अवघड आहे. अर्ज त्यांच्या नावाने, ओळखपत्रं त्यांची. खात्याला मोबाइल नंबर त्यांचा दिला तर ओटीपी आणि संदेश थेट त्यांच्याकडे जाणार. त्यांच्या नकळत आधार-पॅनच्या प्रती वापरणं तर मुळीच बरं नाही, मग नातं कितीही जवळचं असो.

मधला मार्ग असा, की भेट आहे हे सांगायचं, नंबर सांगायचा नाही. ‘गाडीचा नंबर माझ्याकडून, फक्त कागद द्या आणि सही करा’ एवढं म्हटलं की उत्सुकता वाढते आणि परवानगीही मिळते. सही करताना नंबराच्या रकान्यावर नजर जाईल, पण त्या क्षणाचीही मजा असतेच. घरातल्या दुसऱ्या कोणाला विश्वासात घ्यायचं असेल तर ज्याच्याकडे कागदांची फाइल असते त्याला घ्या.

गाडी अजून ठरलेलीच नसेल आणि तुम्हाला वाढदिवसालाच द्यायचं असेल, तर एका चिठ्ठीवर निवडलेले चार आकडे आणि ते का निवडले ते दोन ओळींत लिहा. शुल्काचे पैसे बाजूला ठेवा. नंबर गाडी आल्यावर घेता येईल.

पाटी आणि नंतरची कामं

१ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला उच्च सुरक्षा पाटी डीलरनेच बसवून द्यायची असते. ॲल्युमिनियमची पाटी, डाव्या कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्राम, लेझरने कोरलेला दहा अंकी क्रमांक, आणि एकदा बसवलं की परत न वापरता येणारं कुलूप. हौसेने दुसरी सजवलेली पाटी करून वर चढवू नका. दंड गाडीच्या मालकाला, म्हणजे तुम्ही ज्याला भेट दिलीत त्यालाच भरावा लागेल. आठवण म्हणून लाकडी चौकटीत नंबर रंगवून भिंतीवर लावायला काहीच हरकत नाही.

नंबर लागल्यावर विम्याच्या पॉलिसीवर तो चढवून घ्यायला सांगा. नवी पॉलिसी चासी आणि इंजिन नंबरवर निघालेली असते. फास्टॅगचंही तसंच. तो चासी नंबरवर दिला असेल तर ९० दिवसांच्या आत गाडीचा नंबर त्यात भरायचा असतो, नाहीतर ऐन टोलनाक्यावर अडचण होते. आरसी हातात पडली की नाव, नंबर, चासी या तिन्हींवर एकदा बोट ठेवून वाचा.

पुढे गाडी विकली तर नंबर गाडीसोबत जातो, हे भेट देतानाच मोकळेपणाने सांगितलेलं बरं. २०२४ च्या त्याच अधिसूचनेने पसंतीचा क्रमांक पती-पत्नी, मुलगा, मुलगी अशा जवळच्या कुटुंबीयांच्या नावे करण्याची मुभा दिली आहे, जी आधी नव्हती. म्हणजे बाबांच्या गाडीचा नंबर पुढे मुलीकडे यायची वाट आहे. त्यासाठी लागणारे कागद आणि शुल्क त्या वेळी आपल्या आरटीओत विचारून घ्या, आणि आज मिळालेली पावती आरसीच्या प्रतीसोबत फाइलमध्ये लावून ठेवा.